बीटल्सच्या ध्वनिमुद्रिका आणि लोकप्रियतेच्या याद्या : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार या चौघांच्या बीटल्स या ब्रिटिश बँडविषयी बोलणे निघाले की आकडे हमखास निघतात आणि ते हमखास एकमेकांशी भांडतात. या भांडणाचे कारण बहुतेक वेळा एकच असते : सांगणाऱ्याने आकडा सांगितलेला असतो, पण तो कोणत्या देशाच्या आणि कोणाच्या यादीतला, हे सांगितलेले नसते. पुढील उत्तरे ही बाब सतत लक्षात ठेवून लिहिली आहेत.

बीटल्सची पहिल्या क्रमांकावर पोहोचलेली गाणी नेमकी किती? कुठे १७ वाचतो, कुठे १८, कुठे २०, तर कुठे २७.

चारही आकडे बरोबर आहेत. ब्रिटनमध्ये आज जी यादी अधिकृत मानली जाते तिच्यानुसार १९६३ ते १९६९ या सात वर्षांत त्यांच्या १७ सिंगल (प्रत्येक बाजूवर एक गाणे असलेल्या छोट्या तबकड्या) पहिल्या क्रमांकावर गेल्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘नाऊ अँड देन’ अव्वल ठरल्याने हा आकडा १८ झाला. अमेरिकेत बिलबोर्ड नियतकालिकाच्या ‘हॉट १००’ यादीत त्यांची २० शिखरे नोंदली गेली आहेत आणि तो तिथला विक्रम आहे.

राहिला २७ चा आकडा. तो २००० साली निघालेल्या ‘१’ नावाच्या संग्रहातील गाण्यांचा आहे. ब्रिटनमधल्या १७ सिंगलपैकी ‘डे ट्रिपर’ व ‘वी कॅन वर्क इट आऊट’ आणि ‘यलो सबमरीन’ व ‘एलिनॉर रिग्बी’ या दोन जोड्यांत तबकडीच्या दोन्ही बाजू मुख्य मानल्या गेल्या होत्या, म्हणून १७ सिंगलची गाणी झाली १९. त्यांत फक्त अमेरिकेत पहिली आलेली आठ गाणी मिळवायची : ‘लव्ह मी डू’, ‘एट डेज अ वीक’, ‘यस्टर्डे’, ‘पेनी लेन’, ‘समथिंग’, ‘कम टुगेदर’, ‘लेट इट बी’ आणि ‘द लाँग अँड वाइंडिंग रोड’. बेरीज जुळते.

मग ‘प्लीज प्लीज मी’ या संग्रहात का नाही? ते तर त्यांचे पहिले अव्वल गाणे होते, असे बीटल्स स्वतःच सांगत असत.

हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो आणि त्याचे उत्तर या साऱ्या विषयाची किल्ली आहे. आज आपण ‘ब्रिटिश चार्ट’ असे एकवचनात म्हणतो, पण १९६३ साली तशी एकमेव यादी अस्तित्वातच नव्हती. न्यू म्युझिकल एक्स्प्रेस हे साप्ताहिक १९५२ पासून दुकानदारांना फोन करून आपली यादी बनवत असे. मेलडी मेकर आणि डिस्क यांच्या आपापल्या याद्या होत्या. रेकॉर्ड रिटेलर हे दुकानदारांचे व्यापारी पत्र आपली वेगळी यादी छापत असे. आणि बीबीसी या सगळ्यांचा मेळ घालून सरासरी काढत असे. ११ जानेवारी १९६३ रोजी निघालेली ‘प्लीज प्लीज मी’ ही सिंगल न्यू म्युझिकल एक्स्प्रेस आणि मेलडी मेकर या दोन्हींत पहिली आली. रेकॉर्ड रिटेलरच्या यादीत मात्र फ्रँक आयफील्डचे ‘द वेवर्ड विंड’ वर राहिले आणि हे गाणे दुसऱ्या क्रमांकावर अडकले.

त्या काळच्या श्रोत्यांच्या लेखी हा फरक नगण्य होता. व्यापारी पत्राची यादी वाचतो कोण? परंतु पुढे विक्रमांची पुस्तके तयार होऊ लागली तेव्हा संकलकांनी मार्च १९६० नंतरच्या काळासाठी रेकॉर्ड रिटेलरचीच यादी प्रमाण धरली, आणि तीच प्रथा अधिकृत झाली. त्यामुळे जे गाणे १९६३ साली देशभर पहिले समजले जात होते, ते पुढे कागदोपत्री दुसरे ठरले. आमच्या मते हा निर्णय सोयीचा होता, न्याय्य नव्हता, कारण रेकॉर्ड रिटेलर ज्या दुकानांकडून माहिती घेई त्यांची संख्या त्या वेळी लोकप्रिय साप्ताहिकांच्या मानाने लहान होती. पण नियम एकदा ठरला की तो सर्वांनाच लागू होतो.

फेब्रुवारी १९६९ पासून विक्री मोजण्याचे काम एका स्वतंत्र पाहणी संस्थेकडे गेले आणि हा गोंधळ संपला. तोवर बीटल्सच्या १७ पैकी १५ सिंगल अव्वल येऊन गेल्या होत्या.

सिंगल, ईपी आणि एलपी यांत फरक काय, आणि तो इतका महत्त्वाचा का?

सिंगल म्हणजे सात इंचांची, मिनिटाला ४५ फेरे घेणारी तबकडी, जिच्या प्रत्येक बाजूवर एक गाणे असते. ईपीचा आकार तोच, पण तिच्यात साधारण चार गाणी बसतात आणि तिला छापील कव्हर असते. एलपी बारा इंचांची, ३३ फेऱ्यांची. बीटल्सच्या ब्रिटिश एलपीवर बहुधा १४ गाणी असत.

ब्रिटनमध्ये बीटल्सची सिंगल शक्यतो एलपीवर घेतली जात नसे. ज्याने आधीच पैसे मोजून गाणे घेतले आहे त्याला तेच पुन्हा विकू नये, असे त्यामागचे साधे तत्त्व होते. म्हणून ‘शी लव्ह्ज यू’, ‘आय वॉन्ट टू होल्ड युअर हँड’, ‘आय फील फाइन’, ‘पेपरबॅक रायटर’, ‘हे जूड’ ही गाणी त्या काळच्या कोणत्याही ब्रिटिश स्टुडिओ एलपीवर सापडत नाहीत. पहिली एलपी आणि चित्रपटांशी जोडलेल्या एलपी हे ठळक अपवाद होत. आजच्या श्रोत्याला हे विचित्र वाटते, कारण सर्वांत गाजलेले गाणे वगळून अल्बम काढण्याचे धाडस आता कोणी करणार नाही.

एकूण स्टुडिओ अल्बम किती? १२ की १३?

ब्रिटनमध्ये त्या काळी निघाले ते १२. ‘प्लीज प्लीज मी’ आणि ‘विथ द बीटल्स’ (१९६३), ‘अ हार्ड डेज नाइट’ आणि ‘बीटल्स फॉर सेल’ (१९६४), ‘हेल्प!’ आणि ‘रबर सोल’ (१९६५), ‘रिव्हॉल्व्हर’ (१९६६), ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’ (१९६७), पांढऱ्या कव्हरमुळे ‘व्हाइट अल्बम’ म्हणून ओळखला जाणारा दोन तबकड्यांचा ‘द बीटल्स’ (१९६८), ‘यलो सबमरीन’ आणि ‘अ‍ॅबी रोड’ (१९६९) आणि ‘लेट इट बी’ (१९७०). यांपैकी ‘यलो सबमरीन’ तिसऱ्या क्रमांकापर्यंतच गेला. उरलेले अकराही ब्रिटनमध्ये पहिले आले.

तेरावा म्हणजे ‘मॅजिकल मिस्टरी टूर’. डिसेंबर १९६७ मध्ये ब्रिटनमध्ये तो सहा गाण्यांच्या दोन ईपींचा संच म्हणून निघाला, तर अमेरिकेतील कंपनीने त्याच वर्षीच्या सिंगल जोडून त्याची एलपी केली. १९८७ साली सगळे अल्बम सीडीवर आणताना जगभर ब्रिटिश रचना स्वीकारली गेली, पण या एका बाबतीत अमेरिकन एलपी अधिक सोयीची वाटली म्हणून ती मूळ मालिकेत घेतली गेली. एलपीबाहेर राहिलेली गाणी १९८८ साली ‘पास्ट मास्टर्स’च्या दोन भागांत एकत्र आली. संपूर्ण बीटल्स ऐकायचे असतील तर १३ अल्बम आणि ‘पास्ट मास्टर्स’ एवढे पुरते.

पहिली एलपी एका दिवसात ध्वनिमुद्रित झाली हे खरे आहे का?

जवळजवळ. तिच्यावरील १४ गाण्यांपैकी चार गाणी आधीच्या दोन सिंगलच्या दोन्ही बाजूंची होती. उरलेली दहा ११ फेब्रुवारी १९६३ या एका दिवशी, लंडनच्या अ‍ॅबी रोडवरील, ईएमआय या ध्वनिमुद्रिका कंपनीच्या स्टुडिओत, सकाळी दहाच्या सुमारास सुरुवात करून रात्री पावणेअकरापर्यंत मुद्रित झाली. निर्माते जॉर्ज मार्टिन यांना क्लबमध्ये वाजणारे बीटल्स तबकडीवर हवे होते आणि हाताशी दोनच ट्रॅकचे, म्हणजे दोनच ध्वनी वेगवेगळे साठवू शकणारे, यंत्र होते, त्यामुळे वाद्ये आणि आवाज बहुतांशी एकदमच घेतले गेले.

जॉन लेनन यांना त्या दिवशी सर्दी झालेली होती. घसा फाडून गायचे ‘ट्विस्ट अँड शाउट’ मुद्दाम सर्वांत शेवटी ठेवले गेले, कारण ते एकदा गायल्यावर त्या आवाजात दुसरे काही गाता येणार नाही हे सर्वांना ठाऊक होते. एलपीवर आहे तो पहिलाच प्रयत्न. दुसऱ्या प्रयत्नापर्यंत आवाज उरलाच नव्हता. गाणे लक्ष देऊन ऐकल्यास तो खरखरणारा, तुटायला आलेला घसा आजही स्पष्ट कळतो.

ही एलपी मे १९६३ मध्ये यादीत पहिली आली आणि सलग ३० आठवडे तिथे राहिली. तिला खाली खेचले ते ‘विथ द बीटल्स’ने, जी पुढे २१ आठवडे टिकली. म्हणजे ५१ आठवडे ब्रिटनमधील पहिल्या क्रमांकाची एलपी बीटल्सचीच होती. मे १९६४ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या पहिल्या एलपीने ही साखळी तोडली.

‘लव्ह मी डू’वर ड्रम्स कोणी वाजवले?

दोन मुद्रणे आहेत. ४ सप्टेंबर १९६२ च्या मुद्रणात रिंगो स्टार आहेत, तर ११ सप्टेंबरच्या मुद्रणात भाड्याने बोलावलेले अँडी व्हाइट ड्रम्सवर आणि रिंगो डफलीसारख्या टॅम्बुरिनवर आहेत. ५ ऑक्टोबर १९६२ ला निघालेल्या सिंगलच्या आरंभीच्या प्रतींवर पहिले मुद्रण आहे, एलपीवर दुसरे. टॅम्बुरिन ऐकू आले तर व्हाइट, नाही तर रिंगो. ही सिंगल तेव्हा १७ व्या क्रमांकापर्यंत चढली. वीस वर्षांनी, १९८२ मध्ये पुन्हा काढल्यावर चौथी आली.

ब्रिटनमध्ये सर्वाधिक खपलेली त्यांची सिंगल कोणती?

‘शी लव्ह्ज यू’, ऑगस्ट १९६३. सुमारे १९ लाख प्रती. १९७७ अखेरीपर्यंत ती ब्रिटनमधील सर्वाधिक खपाची सिंगल होती, आणि तिचा विक्रम मोडला तो पॉल मॅकार्टनी यांच्याच विंग्ज या बँडच्या ‘मल ऑफ किन्टायर’ने. घरचाच माणूस, म्हणा ना.

एप्रिल १९६४ मध्ये अमेरिकेतील पहिली पाचही गाणी बीटल्सची होती. हे कसे घडले?

४ एप्रिल १९६४ च्या ‘हॉट १००’ यादीत पहिल्यापासून पाचव्यापर्यंत क्रम असा होता : ‘कान्ट बाय मी लव्ह’, ‘ट्विस्ट अँड शाउट’, ‘शी लव्ह्ज यू’, ‘आय वॉन्ट टू होल्ड युअर हँड’, ‘प्लीज प्लीज मी’. बीटल्सची लोकप्रियता तर कारण आहेच. ९ फेब्रुवारीला एड सुलिव्हन यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात त्यांना सुमारे ७ कोटी ३० लाख लोकांनी पाहिले होते. परंतु त्यामागे एक व्यापारी गुंता होता, तो सहसा सांगितला जात नाही.

ईएमआयची अमेरिकेतील कंपनी कॅपिटॉल हिने १९६३ मध्ये बीटल्सची गाणी काढायला नकार दिला, म्हणून ती व्ही-जे आणि स्वान या छोट्या कंपन्यांकडे गेली आणि तेव्हा फारशी कोणी विकत घेतली नाहीत. वर्षअखेरीस कॅपिटॉलने ‘आय वॉन्ट टू होल्ड युअर हँड’ बाजारात आणले, ते १ फेब्रुवारी १९६४ रोजी पहिले आले, आणि छोट्या कंपन्यांनी आपल्याकडचा जुना माल एकदम बाहेर काढला. ब्रिटनमध्ये जी गाणी वर्षभरात एकामागून एक आली, ती अमेरिकेत काही आठवड्यांत एकत्र कोसळली. पाच गाणी, तीन कंपन्यांची चार लेबले. एकाच कंपनीच्या हाती सारी सूत्रे असती तर तिने स्वतःच्याच गाण्यांची अशी आपसांत स्पर्धा कधी लावली नसती.

अमेरिकन एलपी वेगळ्या का होत्या?

तिथे एलपीवर ११ किंवा १२ गाणी ठेवण्याचा आणि सिंगलही एलपीवर घेण्याचा प्रघात होता. उरलेली गाणी साठवून आणखी एक एलपी काढता येई. ‘यस्टर्डे’ तिथे १९६५ मध्ये सिंगल म्हणून निघाले आणि पहिले आले. ब्रिटनमध्ये ते ‘हेल्प!’ एलपीवरच राहिले आणि सिंगल म्हणून थेट १९७६ मध्ये निघाले. ‘सार्जंट पेपर’पासून दोन्ही देशांतील अल्बम जवळपास एकसारखे झाले.

पहिला क्रमांक हुकलेल्या सिंगल कोणत्या?

सलग अकरा सिंगल पहिल्या क्रमांकावर गेल्यानंतर, फेब्रुवारी १९६७ मध्ये ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर’ आणि ‘पेनी लेन’ ही जोडी ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर थांबली. वर होते एंगलबर्ट हम्परडिंक यांचे ‘रिलीज मी’. हे गायक जन्माने मद्रासचे, हा योगायोग गमतीचा आहे. आजच्या घडीला बीटल्सच्या सर्वोत्तम कामांत गणली जाणारी तबकडी अडली, आणि ती एका सरळसोट भावगीताने अडवली, याचे अनेकांना वाईट वाटते. पण १९६७ साली तबकड्या विकत घेणारे सगळेच तरुण नव्हते, आणि यादी खरेदी मोजते, गुणवत्ता नव्हे. ही दोन गाणी सिंगलसाठी दिल्यामुळे प्रथेप्रमाणे ‘सार्जंट पेपर’वर घेतली गेली नाहीत, ही आपली मोठी चूक होती असे मार्टिन यांनी पुढे मान्य केले.

त्याच वर्षाच्या अखेरीस ‘मॅजिकल मिस्टरी टूर’चा ईपी संच सिंगलच्या यादीत दुसरा आला, पहिली होती बीटल्सचीच ‘हॅलो, गुडबाय’. पुढे ‘समथिंग’ व ‘कम टुगेदर’ ब्रिटनमध्ये चौथ्या आणि ‘लेट इट बी’ दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली.

एकाच तबकडीची दोन गाणी अमेरिकेत वेगवेगळ्या क्रमांकांवर कशी दिसतात?

बिलबोर्ड नोव्हेंबर १९६९ पर्यंत दोन्ही बाजू स्वतंत्र मोजत असे. म्हणून तिथे ‘पेनी लेन’ पहिले आणि ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स’ आठवे. नियम बदलला त्याच सुमारास ‘कम टुगेदर’ आणि ‘समथिंग’ एकत्र मोजली गेली आणि जोडीने पहिली आली.

जगभरात एकूण किती तबकड्या खपल्या?

६० कोटी किंवा १०० कोटी असे आकडे सर्रास छापले जातात. ते अंदाज आहेत. १९६० च्या दशकात बहुतेक देशांत विक्रीची विश्वसनीय मोजणीच होत नव्हती. प्रमाणपत्रांवर आधारलेला ठोस आकडा हवा असेल तर अमेरिकेतील ध्वनिमुद्रण उद्योगाच्या संघटनेने त्यांच्या अल्बमची १८ कोटी ३० लाख एकके प्रमाणित केली आहेत. इथेही ‘एकक’ हा शब्द नीट वाचावा, कारण ‘व्हाइट अल्बम’च्या दोन तबकड्या तिथे दोन एकके धरल्या जातात. ब्रिटनमध्ये ‘सार्जंट पेपर’च्या ५० लाखांहून अधिक प्रती खपल्या आहेत आणि ‘१’ या संग्रहाच्या जगभरात ३ कोटींहून अधिक.

शेवटचा अल्बम ‘अ‍ॅबी रोड’ की ‘लेट इट बी’?

प्रकाशनाच्या क्रमाने ‘लेट इट बी’, मे १९७०. पण त्यातील बरेचसे काम जानेवारी १९६९ चे आहे. ‘अ‍ॅबी रोड’ त्यानंतर मुद्रित झाला आणि आधी निघाला. २०१९ साली, पन्नासाव्या वर्षी, ‘अ‍ॅबी रोड’ ब्रिटनमध्ये पुन्हा पहिल्या क्रमांकावर पोहोचला.

बीटल्सचे एखादे गाणे मुंबईत मुद्रित झाले आहे का?

होय, ‘द इनर लाइट’. जानेवारी १९६८ मध्ये जॉर्ज हॅरिसन एका चित्रपटाच्या संगीतासाठी मुंबईला आले आणि फोर्टमध्ये एचएमव्हीच्या स्टुडिओत त्यांनी हिंदुस्थानी वादकांबरोबर काही दिवस काम केले. त्या संगीताचा ‘वंडरवॉल म्युझिक’ हा अल्बम त्याच वर्षी निघाला. त्याच्या श्रेयनामावलीत सरोदवादक आशिष खाँ आणि संतूरवादक शिवकुमार शर्मा यांच्याबरोबर बासरीवादक एस. आर. केंकरे आणि तारशहनाई वाजवणारे विनायक व्होरा यांची नावे आहेत. त्याच बैठकांत ‘द इनर लाइट’ची वाद्यसाथ मुद्रित झाली. गायन नंतर लंडनमध्ये झाले आणि मार्च १९६८ मध्ये हे गाणे ‘लेडी मॅडोना’च्या मागच्या बाजूवर आले. हॅरिसन यांची रचना बीटल्सच्या सिंगलवर येण्याची ही पहिलीच वेळ. ‘लेडी मॅडोना’ ब्रिटनमध्ये अव्वल ठरली, त्यामुळे मुंबईच्या वादकांचे काम पहिल्या क्रमांकाच्या तबकडीवर बसून घरोघर गेले, मागच्या बाजूने का होईना.

त्याआधी १९६६ च्या ‘रिव्हॉल्व्हर’मधील ‘लव्ह यू टू’ या गाण्यात लंडनस्थित अनिल भागवत यांनी तबला वाजवला होता आणि एलपीच्या कव्हरवर त्यांचे नाव छापले गेले. साथीच्या वादकाचे नाव छापण्याची पद्धत बीटल्सच्या तबकड्यांवर तेव्हा जवळपास नव्हतीच.

‘नाऊ अँड देन’ हे खरोखर बीटल्सचे गाणे म्हणावे का?

लेनन यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात पियानोवर गायलेली घरगुती कॅसेट हा त्याचा पाया आहे. १९९५ मध्ये उरलेल्या तिघांनी त्यावर काम केले, पण आवाज आणि पियानो वेगळे करता येईनात म्हणून ते सोडून दिले. त्याच खटपटीतील ‘फ्री अ‍ॅज अ बर्ड’ आणि ‘रिअल लव्ह’ पूर्ण होऊन ब्रिटनमध्ये अनुक्रमे दुसऱ्या आणि चौथ्या क्रमांकापर्यंत गेली. पुढे संगणकाला आवाज ओळखायला शिकवून लेनन यांचा गळा स्वच्छ वेगळा काढता आला, हॅरिसन यांची १९९५ मधील गिटार होतीच, आणि मॅकार्टनी व रिंगो यांनी गाणे पुरे केले. चौघांचेही हात त्यात आहेत, म्हणून आमचे उत्तर होकारार्थी आहे. आधीचे अव्वल गाणे ‘द बॅलड ऑफ जॉन अँड योको’ १९६९ चे होते. तेव्हा त्या मुद्रणात फक्त लेनन आणि मॅकार्टनी वाजवत होते, आणि तरी ते बीटल्सचे नव्हे असे कोणी म्हणत नाही.

मोनो घ्यावे की स्टीरिओ?

१९६७ पर्यंतचे मोनो, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज. त्या काळी बीटल्स स्वतः मोनो मिश्रणाच्या वेळी हजर राहत आणि स्टीरिओचे काम बहुधा तंत्रज्ञांवर सोपवत. आरंभीच्या स्टीरिओमध्ये एका कानात वाद्ये आणि दुसऱ्या कानात गायक, असा प्रकार होतो.

घरात बीटल्सची जुनी भारतीय तबकडी सापडली. तिला काही मोल आहे का?

आधी ती किती फेऱ्यांची आहे ते पाहावे. भारतातील बीटल्सच्या तबकड्या कलकत्त्याजवळच्या दमदम येथील ग्रामोफोन कंपनीच्या कारखान्यात बनत. त्या काळी आपल्याकडे चावीचे ग्रामोफोन अजून घरोघरी चालू होते, म्हणून ब्रिटनमध्ये ७८ फेऱ्यांची तबकडी कधीच इतिहासजमा झालेली असताना कंपनीने इथे बीटल्सच्या सिंगल पार्लोफोन लेबलखाली ७८ वरही काढल्या. जगात मोजक्याच देशांत असे घडले, त्यामुळे परदेशी संग्राहक या भारतीय तबकड्यांच्या शोधात असतात आणि चांगल्या प्रतीला मोठी किंमत देतात. ४५ च्या तबकड्या तुलनेने सहज मिळतात. ७८ ची तबकडी लाखेची, जड आणि ठिसूळ असते. तडा गेला की मोल संपले. ती आडवी रचून वर ओझे ठेवू नये, उभी ठेवावी, कोरड्या मऊ कापडाने पुसावी, आणि प्लास्टिकच्या तबकड्यांसाठीच्या सुईवर वाजवून पाहण्याचा मोह टाळावा, कारण ७८ ची खोबण रुंद असते आणि बारीक सुई तिच्या तळाशी नुसती घासत जाते.